बाळंतिणीचे अंग आणि बाळाचे दूध



या सदरात आम्ही आजवर मुलांचे शिक्षण, लग्नकार्यातला खर्च, दारूचे व्यसन, भावाभावांतले जमिनीचे तंटे अशा कितीतरी विषयांवर लिहिले. परंतु आज ज्या विषयाला हात घालीत आहोत, तो धर्मगुरूच्या लेखणीला शोभतो की नाही, असा प्रश्न काही जणांच्या मनात येईल. बाळंत झालेल्या बाईचे वाढलेले वजन, आणि बाळ अंगावर पीत असताना ते उतरवावे की नाही, उतरवायचे तर कसे, हा तो विषय. तो आम्ही हौसेने घेतलेला नाही. आमच्याच जिभेच्या एका चुकीने तो आमच्यापुढे आणून उभा केला. यास्तव आधी ती चूक सांगतो आणि मग विषयाकडे वळतो.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आमच्या धर्मग्रामातल्या एका वाडीत दीड महिन्याच्या मुलीचा स्नानसंस्कार झाला. संस्कारानंतर घरी जेवणावळ होती. पंगत उठता उठता बाळाची आई बाळाला घेऊन आशीर्वादासाठी आमच्यापुढे आली. पोरसवदा मुलगी, पहिलेच बाळंतपण, अंग भरलेले. आम्हांला थट्टेची लहर आली आणि आम्ही चार माणसांत म्हणून गेलो, “बाळापेक्षा बाळाच्या आईनेच बाळसे धरलेले दिसते!” सगळी पंगत हसली. तीही हसली, पदर सावरला आणि आत निघून गेली. आम्ही ते बोलणे मांडवातच विसरलो.

पाच आठवड्यांनंतर रविवारच्या मिस्सानंतर त्या घरची सासूबाई देवळाच्या पडवीत आमची वाट पाहत उभी होती. म्हणाली, “फादर, रागावू नका, पण त्या दिवशी तुम्ही बोललात ते सुनेनं मनाला लावून घेतलंय. सकाळी कोरा चहा, दुपारी काकडी नि अर्धी भाकरी, रात्री तेवढंही नाही. चक्कर येऊन पडली परवा. बाळाला दूध पुरेना, रात्रभर रडतंय. शेवटी आम्ही बाटलीनं वरचं दूध सुरू केलंय.”

त्याच संध्याकाळी आम्ही आशाताईंना सोबत घेऊन त्या घरी गेलो. ताईंनी बाळाचे वजन केले आणि कार्डावर पाहिले. जन्माच्या वेळी २ किलो ८०० ग्रॅम, स्नानसंस्काराच्या सुमारास ३ किलो ९०० ग्रॅम आणि आता ४ किलो २०० ग्रॅम. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे वजन आठवड्याला साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम वाढावे. म्हणजे या पाच आठवड्यांत पाऊण ते एक किलो वाढायला हवे होते. ते वाढले अवघे तीनशे ग्रॅम. आम्ही त्या मुलीला विचारले, “बाळ, असं का केलंस?” ती खाली मान घालून म्हणाली, “सगळेच म्हणत होते, फादर. पण तुम्ही म्हणालात तेव्हा वाटलं, आता खरंच असणार.”

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. माणूस वेदीवरून जे बोलतो ते लोक विसरतात आणि जेवणाच्या पानावर जे बोलतो ते मनात धरून ठेवतात, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. त्यानंतर आम्ही तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे दोनदा जाऊन बसलो, आहारशास्त्राची पुस्तके चाळली, आणि जे समजले ते आज आमच्या घराघरांतल्या सुना, सासवा आणि विशेषेकरून पुरुषमंडळी यांच्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम हे समजून घेऊ की, गरोदरपणी वाढलेले वजन म्हणजे नुसती चरबी नव्हे. आपल्याकडे साधारण दहा ते बारा किलो वजन वाढते असे धरले, तर त्यात बाळाचे तीन किलो, वारेचे सहाशे-सातशे ग्रॅम, गर्भजलाचे पाऊण-एक किलो, वाढलेल्या गर्भाशयाचे सुमारे एक किलो, वाढलेल्या रक्ताचे सव्वा ते दीड किलो, शिवाय स्तनांचे आणि अंगात साठलेल्या पाण्याचे. राहिली चरबी, ती सुमारे तीन-साडेतीन किलो. ही चरबी आळसाची खूण नव्हे. पुढे बाळाला पाजावे लागेल, घरात त्या वेळी धान्य असेल नसेल, म्हणून शरीराने आधीच भरून ठेवलेली ती कणगी आहे. देवाने मातेच्या देहात घालून दिलेली ही तरतूद आहे. तिची लाज कसली?

बाळंतपणाच्या दिवशीच पाच-सहा किलो वजन उतरते. पुढल्या काही दिवसांत अंगातले जादा पाणी लघवी-घामावाटे निघून जाते. गर्भाशय सुमारे दोन आठवड्यांत ओटीपोटाच्या पोकळीत उतरते आणि सहा आठवड्यांत जवळजवळ पूर्वीच्या आकाराला येते. बाळ अंगावर पिऊ लागले की पोटात कळा येतात, त्या याच कामाच्या. बाळाचे ओढणे हेच गर्भाशयाला आवळण्याचे औषध आहे. तेव्हा सव्वा महिन्याच्या आत बाईचे पोट पाहून कोणी काही बोलत असेल, तर तो अज्ञानाने बोलतो. त्यांत आम्हीही होतो.

आता दुधाचा जमाखर्च पाहू. शेतकऱ्याला हिशेब कळतो, म्हणून हिशेबानेच सांगतो. सहा महिन्यांपर्यंत बाळ केवळ आईच्या दुधावर असेल, तर आई दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध तयार करते. तेवढ्या दुधासाठी तिच्या देहाला रोज सहाशेच्या आसपास उष्मांक खर्च करावे लागतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली ठरवून दिलेल्या मानाप्रमाणे बैठे काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाला १६६० उष्मांक आणि मध्यम कष्ट करणारीला २१३० उष्मांक लागतात. पाजणाऱ्या मातेने पहिले सहा महिने त्यांत ६०० आणि पुढचे सहा महिने ५२० मिळवावेत, आणि प्रथिने रोज सुमारे सतरा ग्रॅम जादा घ्यावीत. एक किलो चरबीत सुमारे ७७०० उष्मांक साठलेले असतात. म्हणजे रोजच्या जमेपेक्षा खर्च पाचशे उष्मांकांनी अधिक राहिला, तर आठवड्याला अर्धा किलो चरबी वितळते. पाजणारी आई नेहमीसारखे भरपूर जेवली आणि दुधासाठी म्हणून वेगळे काही फार खाल्ले नाही, तर दुधाचा बराचसा खर्च ती त्या साठवलेल्या कणगीतूनच भागवीत असते. पाजणे हे असे स्वतःच एक काम आहे, जात्यावर दळण्यासारखे.

मग पाजणाऱ्या सगळ्याच बायका बारीक का होत नाहीत? कारण दूध करणारे जे रस शरीरात वाहतात, ते भूकही वाढवितात. शिवाय झोप मोडते, आणि झोप मोडलेल्या माणसाला गोड-तळलेले अधिक खावेसे वाटते. काहींचे वजन पाजताना भराभर उतरते, काहींचे बाळ खाऊ लागेपर्यंत तसूभरही हलत नाही. दोन्ही प्रकार निरोगी बायकांत दिसतात. शेजारणीशी तुलना करू नये हे यास्तव.

आता डिंकाच्या लाडवांकडे वळतो आणि आजीबाईंची आधीच क्षमा मागून ठेवतो. डिंक, खारीक, सुके खोबरे, गूळ, तूप, अळीव, मेथी यांचे लाडू आपल्या घरांत बाळंतिणीला दिले जातात, आणि त्यामागे प्रेम आहे, अनुभव आहे. पण ते लाडू ज्या काळात ठरले, त्या काळातली बाळंतीण चाळीस दिवस उलटले की घागर घेऊन विहिरीवर जाई, पहाटे उठून जात्यावर दळी, पावसाळ्यात चिखलात उभी राहून रोप लावी. तिची हाडे वर आलेली असत. दोन लाडू तिला दुपारपर्यंतही पुरत नसत. आज नळ दारात आहे, पीठ गिरणीतून येते, चूल गॅसची झाली. लाडू मात्र तेवढेच राहिले, किंबहुना तूप हाताला लागू लागल्यापासून मोठे झाले. पन्नास ग्रॅमच्या एका लाडवात सव्वादोनशे ते अडीचशे उष्मांक सहज भरतात. सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन दिले, की हजार झाले. दुधाचा खर्च सहाशे, लाडवांची जमा हजार, वर जेवण आणि साखरेचा चहा. वजन उतरेल कोठून?

म्हणून लाडू टाकून द्या असे आम्ही म्हणत नाही. दिवसाला एक लहान लाडू पुरे. त्यात तूप-गूळ कमी करून अळीव, तीळ आणि भाजलेले शेंगदाणे वाढवावेत. बाई मुळातच किडकिडीत असेल, रक्त कमी असेल, शेतावर परत जाणार असेल, तर तिला दोन द्यावेत, आनंदाने द्यावेत. औषध माणूस पाहून द्यावे, तसाच लाडूही माणूस पाहून द्यावा.

येथे एक गोष्ट ठासून सांगणे प्राप्त आहे. आमच्या खेड्यांतल्या पुष्कळ बायका बाळंतपणापूर्वीच हडकलेल्या असतात. पाच फूट उंचीच्या बाईचे वजन सुमारे ४३ ते ५३ किलोंच्या दरम्यान असावे. जी त्याहून खाली आहे किंवा त्यात बसते, तिने एक तोळाही उतरविण्याच्या भानगडीत पडू नये, तिने खावे. हा लेख जिचे वजन खरोखरच जास्त आहे आणि दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणाबरोबर चढतच चालले आहे, तिच्यासाठी आहे. कारण प्रत्येक बाळंतपणातले तीन-चार किलो अंगावर राहिले, तर चाळिशीला मधुमेह आणि रक्तदाब दारात येऊन उभे राहतात. गरोदरपणी जिला साखर झाली होती तिने तर बाळंतपणानंतर दीड ते तीन महिन्यांत साखर पुन्हा तपासून घ्यावी, आणि पुढेही तपासत राहावी.

उतरवायचे तर केव्हा आणि किती? पहिले सहा ते आठ आठवडे काहीच करू नये. ते दिवस जखम भरून येण्याचे आणि दूध स्थिरावण्याचे. त्यानंतर आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा अधिक घाई नको. महिन्याला एक-दीड किलो उतरले तरी फार झाले. अमेरिकेत चाळीस स्थूल मातांवर केलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या काहींनी रोजचा आहार पाचशे उष्मांकांनी कमी केला आणि आठवड्यातून चार दिवस पाऊण तास व्यायाम केला. दहा आठवड्यांत त्यांचे सरासरी पावणेपाच किलोंच्या वर वजन उतरले, आणि त्यांची बाळे इतर बाळांइतकीच वाढली. म्हणजे बेताने उतरविले तर बाळाचे नुकसान होत नाही. परंतु दिवसाचा आहार अठराशे उष्मांकांखाली नेऊ नये, आणि उपाशी तर मुळीच राहू नये.

कोणी म्हणेल, “आईने कमी खाल्ले की दूध पातळ होते.” हे पूर्ण खरे नाही. शरीर आधी बाळाचा वाटा काढते आणि मग आईचा. थोडे कमी खाल्ल्याने दूध पांचट होत नाही. पण त्यासाठी आईच्या हाडांतला चुना आणि रक्तातला कस खर्ची पडतो. झीज होते ती आईची. आमच्या त्या मुलीच्या घरी जे झाले ते असे: अन्न तोडल्यामुळे ती गळून गेली, बाळ रडले की तिला उठवेना, घरच्यांनी दयेने बाटली दिली, आणि बाळ बाटलीने पोट भरून आईकडे कमी ओढू लागले. दूध हे गाईच्या कासेसारखेच आहे. जितके काढाल तितके भरते, काढले नाही की आटते. उपासाने सुरुवात झाली आणि बाटलीने शेवट केला.

आता रोजच्या ताटाविषयी. बेळगाव-खानापूरकडच्या आपल्या स्वयंपाकघरात आहे त्यातच सारे आहे, परके काही आणायला नको. नाचणीची भाकरी किंवा आंबील, कारण नाचणीत चुना भरपूर आहे. हुलग्याचे कढण, मटकीची किंवा मुगाची उसळ, दाट आमटी. शेवग्याचा पाला, माठ, चवळीचा पाला, मेथी. रोज एक अंडे, आठवड्यातून दोन-तीनदा बांगडा-तारली, तीही रश्श्यात, तळलेली नव्हे. दोन वाट्या दूध किंवा ताक. पेरू, पपई, केळे, जे अंगणात असेल ते. भाताचा ढीग थोडा कमी करून उसळीची वाटी मोठी करावी. एवढ्यानेच अर्धे काम होते. दिवसातून तीन वेळा जेवावे, मध्ये भूक लागली तर फुटाणे, शेंगदाणे, फळ घ्यावे. आटवायचे ते हे: चहातली साखर (दिवसाला पाच कप चहा आणि कपाला दोन चमचे साखर, म्हणजे दोनशे उष्मांक नुसते चहातूनच जातात), बाजारची बिस्किटे, खारी, फरसाण, भजी, आणि येणारा प्रत्येक पाहुणा हौसेने आणतो तो कुंदा. पाहुण्यांनीही पुढल्या खेपेस कुंद्याऐवजी डझनभर अंडी आणावीत. बाळाला आणि बाळाच्या आईला दोघांनाही ती लागू पडतील.

सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर सहा महिने रोज एक, आणि चुन्याच्या गोळ्या दिवसातून दोन, याही घ्याव्यात. आमच्या भेटींत आम्ही पाहतो की पुष्कळ घरांत त्या गोळ्यांची पाकिटे फळीवर जशीच्या तशी पडलेली असतात. त्या गोळ्यांनी अंग वाढत नाही, रक्त वाढते. कर्नाटकात २०१७ साली सुरू झालेल्या मातृपूर्णा योजनेत गरोदर बायकांना आणि सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाच्या आयांना अंगणवाडीत गरम जेवण ठरवून दिलेले आहे. ते गरिबांचे म्हणून त्याला नाके मुरडणारी घरे आमच्या धर्मग्रामात आहेत. सुनेला तेथे पाठविण्यात घराण्याचा काही अपमान होत नाही.

काही घरांत बाळंतिणीला पाणी मोजून देतात. पाणी प्यायले की पोट सुटते, ही समजूत. पाण्यात एकही उष्मांक नाही. पाजणाऱ्या बाईला तहान अधिक लागते आणि ती भागविलीच पाहिजे. तहानेला लाडू आणि भुकेला चहा, असा उलटा व्यवहार करू नये.

पोट बांधण्याविषयी पुष्कळ भगिनी विचारतात. मऊ लुगड्याचा पट्टा सैलसर बांधला तर कमरेला आधार वाटतो, तेवढा लाभ खरा. पण आवळून बांधल्याने चरबी कोठे जात नाही. उलट जोर खाली ओटीपोटावर येतो आणि पुढे खोकताना-शिंकताना लघवी सुटण्याची व्याधी वाढू शकते. त्यापेक्षा लघवी अडविताना जे स्नायू आपण आवळतो, तेच बसल्याजागी दहा वेळा आवळून सोडावेत, दिवसातून तीनदा. हा व्यायाम पाजता पाजताही करता येतो आणि कोणाला दिसतही नाही. बाजारात आणि मोबाईलवर ज्या बारीक होण्याच्या पुड्या, चहा आणि गोळ्या विकल्या जातात, त्यांना पाजणाऱ्या बाईने हात लावू नये. त्यांत काय घातले आहे हे आईला ठाऊक नसते, आणि तिच्या रक्तात जे जाते त्यातले पुष्कळ दुधातही उतरते.

चालणे हा सर्वांत साधा उपाय. नीट बाळंतपण झाले असेल तर काही दिवसांतच घरच्या अंगणात फिरावे. सव्वा महिन्यानंतर रोज अर्धा तास झपझप चालावे. पोटावर शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि घागर-भारा उचलण्याची घाई न करता. उठाबशांनी पोट कमी करण्याच्या मागे लगेच लागू नये. गरोदरपणी पोटाचे स्नायू मध्यभागी फाकलेले असतात, ते जुळून यायला वेळ लागतो. व्यायामाने दूध बिघडते हा भ्रम आहे. निघण्यापूर्वी बाळाला पाजून घ्यावे, म्हणजे छाती हलकी राहते आणि बाळही निजते.

बाळाला दूध पुरते की नाही, हे आईच्या अंगावरून किंवा बाळाच्या रडण्यावरून ठरवू नये. पहिला आठवडा उलटल्यावर दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी होते का आणि वजन वाढते का, हे दोन साक्षीदार पुरेत. वजन अडले, बाळ मलूल झाले, तर आईने आपले वजन उतरविणे त्याच दिवशी थांबवावे आणि दवाखाना गाठावा. आईचे वजन आपोआप झपाट्याने उतरू लागले, छाती धडधडू लागली, हात कापू लागले, किंवा उलट सर्व काही करूनही अंग चढत गेले आणि केस गळून थकवा आला, तर कंठग्रंथीची तपासणी करावी. बाळंतपणानंतरच्या वर्षात तिचा विकार काही बायकांना होतो. आणि एखादी आई खाईनाशी झाली, रडू लागली, बाळाकडे पाहीनाशी झाली, तर ते नाटक समजू नये. तोही आजारच आहे आणि त्यालाही औषध आहे.

सहा महिन्यांनंतर बाळाला वरचे अन्न सुरू होते. दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही द्यावे. या टप्प्यावर पुष्कळ बायकांचे वजन पुन्हा चढते, आणि कारण अगदी साधे असते. दुधाचा खर्च हळूहळू उतरतो, पण ताटातली वाढ तशीच राहते. वर बाळाने टाकलेली पेज, उरलेला शिरा, अर्धे केळे, “अन्न टाकू नये” म्हणून आईच्या पोटात जाते. अन्न टाकू नये हे खरेच. पण बाळाला वाढतानाच कमी वाढावे.

आता आमच्या अधिकारातला एक विषय. उपवासकाळ आला की काही तरुण आया एका दगडात दोन पक्षी मारू पाहतात. उपासाचे पुण्यही मिळेल आणि अंगही उतरेल. तर भगिनींनो, स्पष्ट ऐका. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दिवशींच्या उपासाचे बंधन अठरा वर्षांपासून साठाव्या वर्षाच्या आरंभापर्यंतच्या निरोगी माणसांना आहे. गरोदर आणि पाजणाऱ्या माता त्यातून मोकळ्या आहेत, असेच ख्रिस्तसभा पूर्वापार मानीत आली आहे. त्या दिवशी पोटभर जेवून बाळाला पाजणे हीच तुमची भक्ती. बारीक होण्यासाठी केलेल्या उपाशीपणाला उपवास हे नाव देऊ नये.

शेवटी पुरुषांशी दोन शब्द. आमच्या घरांत बाई सर्वांत शेवटी जेवते आणि जे उरले ते जेवते. उरतो तो भात, संपलेली असते ती उसळ आणि मासळी. मग आपण म्हणतो, ही सुटली कशी? नवऱ्याने पाजणाऱ्या बायकोला आपल्या पंगतीला बसवावे, रात्री एकदा तरी बाळाला खांद्यावर घेऊन तिला सलग चार तास झोपू द्यावे, आणि संध्याकाळी अर्धा तास बाळ सांभाळून तिला चालायला सोडावे. याला पैसा लागत नाही. सासूबाईंनी “आमच्या वेळी” हा शब्द वर्षभर फळीवर ठेवावा. आणि आल्यागेल्याने, मग तो धर्मगुरू का असेना, बाळंतिणीच्या अंगाविषयी बोलू नये. विचारायचे असेल तर एवढेच विचारावे, “पोरी, जेवलीस का? झोप लागली का?”

त्या घरचे काय झाले, हे विचाराल. डॉक्टरीणबाईंनी मुलीला आधी जेवायला लावले. बाळाला दर खेपेस प्रथम अंगावर घ्यायचे, रात्रीही घ्यायचे, आणि बाटली थोडी थोडी कमी करीत न्यायची, असे ठरले. पहिला आठवडा कठीण गेला. सासूबाई रात्री तिच्याबरोबर उठून बसत. महिन्याभरात बाटली सुटली आणि बाळाचे वजन आठशे ग्रॅमनी वाढले. बाळाला नऊ महिने झाले तेव्हा आईचे पाच किलो उतरले होते, कोणाला कळलेही नाही अशा रीतीने. आम्ही तिच्या घरी गेलो आणि त्याच अंगणात, घरच्या सर्व माणसांदेखत, तिची क्षमा मागितली. थट्टा चार माणसांत केली होती, तेव्हा क्षमाही चार माणसांत मागणे न्यायाचे होते. ती म्हणाली, “असू दे, फादर,” आणि बाळ आमच्या हातात दिले. बाळ चांगले जड लागले.

तुमचा,
धर्मगुरू